वाट चुकलेल्याची बंदूक आणि तिच्यावरची दुर्बीण



काही महिन्यांपूर्वी वर्गात मी अवकाशप्रवासाचा धडा शिकवीत होतो. धडा संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. ग्रंथालयातील एका पुस्तकात त्याने रशियन अंतराळवीरांच्या पिस्तुलाचे चित्र पाहिले होते. त्या पिस्तुलाला तीन नळ्या होत्या. तो म्हणाला, "सर, ज्या लोकांनी ग्रहताऱ्यांना न्याहाळणाऱ्या दुर्बिणी बनविल्या, त्यांनी या पिस्तुलावर एक लहानशी दुर्बीण का बसविली नाही?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. "पाहून सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली. परंतु मुलांना दिलेला शब्द शिक्षकाला चुकविता येत नाही. म्हणून पुढचे काही आठवडे मी या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो. आणि तो प्रश्न वाटला होता तितका पोरकट नाही असे माझ्या ध्यानी आले. वाट चुकलेल्या, उपाशी माणसाच्या हाती कोणते साधन द्यावे आणि त्यात काय ठेवावे, काय गाळावे, हा प्रश्न त्याच्या तळाशी आहे. आज आपल्यापुढे ठेवतो आहे तो त्या शोधाचा वृत्तांत होय.

प्रथम या बंदुकीचे स्वरूप समजावून घेऊ. आपण जिला सामान्यतः बंदूक म्हणतो तिच्या दोन जाती आहेत. एकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून मूठभर छरे एकदम सुटतात आणि पसरत जातात. उडता पक्षी किंवा धावता ससा यांच्यासाठी ती योग्य. पण तीस-चाळीस पावलांपलीकडे तिचा जोर ओसरतो. दुसरी जात रायफलीची. तिच्या नळीत मळसूत्राप्रमाणे आटे पाडलेले असतात. त्यामुळे एकच गोळी स्वतःभोवती गिरक्या घेत दूरवर आणि सरळ जाते. स्थिर उभ्या असलेल्या प्राण्यावर नेम धरावयाचा तर रायफलच हवी. रानात शिरलेल्या शिकाऱ्यापुढे कोणते जनावर केव्हा येईल याचा नेम नसतो. म्हणून मध्य युरोपातील कारागिरांनी एकाच दस्त्याला दोन्ही जातींच्या नळ्या जोडल्या. एक छऱ्याची व एक गोळीची अशी जोडबंदूक झाली. दोन छऱ्यांच्या आणि खाली एक गोळीची अशी तिनळी झाली. जर्मन भाषेत या तिनळीला 'ड्रिलिंग' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बिजागरीवर मोडून मागून काडतूस भरण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा ही तिनळी विशेष भरभराटीस आली. थुरिंगिया प्रांतातील झूल हे गाव अशा बंदुकांचे माहेरघर होते.

आता दुर्बिणीकडे वळू. साध्या बंदुकीवर नेम धरताना आपण तीन गोष्टी एका रेषेत आणतो: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि समोरचे लक्ष्य. डोळ्याची अडचण अशी की या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. तरुणपणी डोळ्यातील भिंग लवचिक असते, म्हणून ही ओढाताण जाणवत नाही. मला स्वतःला चाळिशी लागून काही वर्षे झाली. पुस्तक वाचताना एक चष्मा आणि फळ्याकडे पाहताना दुसरा, हा अनुभव माझ्या वयाच्या श्रोत्यांना वेगळा सांगावयास नको. दुर्बिणीचा खरा उपकार येथे आहे. ती लक्ष्य मोठे करून दाखविते हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्यातील फुलीची खूण आणि लक्ष्य ही दोन्ही एकाच प्रतलात दिसतात. डोळ्याला धावाधाव करावी लागत नाही.

हा लाभ ओळखून अमेरिकेत १८४० च्या सुमारास काही कारागिरांनी रायफलीवर दुर्बीण बसविण्यास आरंभ केला. चॅपमन नावाच्या एका स्थापत्य अभियंत्याने १८४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा रायफलीचे वर्णन आहे. ती दुर्बीण जवळजवळ नळीइतकीच लांब असे. पुढे १८५५ पासून न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विल्यम माल्कम यांनी अधिक चांगली भिंगे घालून दुर्बिणी बनविल्या. त्या काळच्या दुर्बिणींतील फुली बहुधा कोळ्याच्या तंतूंची असे. इतका बारीक आणि इतका चिवट धागा माणसाला तोवर बनविता आला नव्हता. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अनेक प्रकाशीय उपकरणांत कोळ्याचा तंतू वापरला जात होता.

या इतिहासात आपल्या बाजूचाही एक धागा आहे. डेव्हिडसन नावाचे एक अधिकारी कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात नोकरी करून विलायतेस परत गेले होते. त्यांनी सिद्ध केलेली दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीवर बसविली जाई. ही दुर्बीण नळीच्या वर नसून तिच्या डाव्या कुशीला असे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे अशा काही रायफली होत्या. दुर्बीण नळीच्या वर ठेवावी की बाजूस, हा वाद इतका जुना आहे. आटोपशीर आणि रानात खरोखर वापरता येण्याजोगी दुर्बीण १८८० साली ऑस्ट्रियातील ऑगस्ट फीडलर या वनाधिकाऱ्याने केली असे सांगतात.

म्हणजे एकाच शतकाच्या शेवटी दोन वस्तू तयार झाल्या: जोडबंदूक आणि आटोपशीर दुर्बीण. त्या एकमेकींना जोडाव्या असे कोणालाही वाटेल. पण जोडू गेल्यावर त्यांचे भांडण सुरू झाले. ते भांडण नीट समजले म्हणजे पुढचा सारा इतिहास समजतो.

पहिली तक्रार बिजागरीची. जोडबंदूक मधोमध मोडते. नळ्या खाली झुकतात, मागे चाप आणि घोडा असलेला भाग तसाच राहतो. दुर्बिणीचा पुढचा पाय नळीवर आणि मागचा पाय त्या मागच्या भागावर रोवला, तर बंदूक मोडणारच नाही. मग दोन्ही पाय नळीवर रोवावे लागतात, किंवा दोन्ही मागच्या भागावर. मागच्या भागावर रोवले तर बिजागरी थोडीशी सैल होताच दुर्बीण एकीकडे पाहते आणि नळी दुसरीकडे. नळीवर रोवले तर हा दोष टळतो. परंतु नळी आखूड असेल तर दुर्बीण डोळ्यापासून दूर पडते. रायफलीच्या दुर्बिणीला डोळा साधारण तीन इंचांवर हवा असतो. म्हणून ती मागे सरकवावी, तर ती घोड्याच्या डोक्यावर येते, आणि घोडा चढविण्यास अंगठ्याला जागा उरत नाही. यावर उपाय म्हणून घोड्याला बाजूने एक लहानसा खुंट जोडण्याची रीत पुढे पडली.

दुसरी तक्रार दोन नळ्यांची. दुर्बीण एक आणि नळ्या दोन. दुर्बिणीची फुली गोळीशी जुळविली तर छरे वेगळ्या जागी पडतात; छऱ्यांशी जुळविली तर गोळी. शिवाय छऱ्याच्या बंदुकीने खरे तर नेम धरावयाचा नसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून उडत्या पक्ष्याच्या पुढे नळी फिरवीत न्यावयाची असते. चौपट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीतून शंभर गजांवर साधारण तीस फूट रुंदीचा देखावा दिसतो. हाच हिशेब दहा गजांवर केला तर तीन फूट येतो. झुडपातून फडफडत उठलेला पक्षी ते तीन फूट डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ओलांडून जातो. पाहणाऱ्याला नळकांड्यात नुसते धूसर आभाळ दिसते.

तिसरी तक्रार गणिताची आहे, आणि ती मी मुलांना फळ्यावर मांडून दाखविली. समजा, दुर्बिणीचा मध्य रायफलीच्या नळीच्या मध्यापासून दीड इंच वर आहे आणि पन्नास गजांवर गोळी फुलीवर लागेल अशी जुळणी केली आहे. तर दहा गजांवर काय होईल? गोळीची आणि दृष्टीची रेषा अद्याप एकत्र आलेल्या नसतात. गोळी फुलीच्या सुमारे सव्वा इंच खाली लागते. शंभर गजांवरच्या हरणाला या सव्वा इंचाने काही बिघडत नाही. पण दहा पावलांवर बसलेल्या पारव्याचे किंवा खारीचे डोके केवढे असते? भुकेल्या माणसाचे सावज बहुधा असेच लहान आणि असेच जवळ असते.

झूलच्या कारागिरांनी या भांडणातून जी वाट काढली तिचे मला कौतुक वाटते. त्यांनी दुर्बीण कायमची न बसविता तिला आकडे लावले. नळ्यांच्या वरच्या पट्टीत दोन ठिकाणी लहान बैठका बसवावयाच्या. दुर्बिणीच्या पुढच्या पायाचे आकडे पुढच्या बैठकीच्या खाचेत तिरपे घालावयाचे, आणि मग दुर्बीण मागून खाली दाबावयाची. मागचे आकडे स्प्रिंगच्या खटक्याने बसून जातात. खटका ओढला की दुर्बीण हातात येते. रानात शिरताना दुर्बीण पाकिटात ठेवून छऱ्याची नळी वापरावी, सायंकाळी कुरणाच्या कडेला बसल्यावर दुर्बीण चढवावी. मात्र ती शंभर वेळा काढून शंभर वेळा लावली तरी नेम तोच राहिला पाहिजे. हे साधण्यासाठी कारागीर आकड्यांना काजळी फासून ते बैठकीत बसवीत आणि काजळी जिथे पुसली जाई तिथे कानसीने केसभर घासून पुन्हा बसवून पाहत. एका बंदुकीची दुर्बीण दुसऱ्या बंदुकीला चालत नसे, कारण ती त्या एका बैठकीसाठीच घासलेली असे. हे काम वेळखाऊ आणि म्हणून महाग होते. ज्याला ते परवडे तो शिकारी सुखी होता.

परंतु आपल्याला शिकाऱ्याची नव्हे, वाट चुकलेल्याची बंदूक पाहावयाची आहे. आणि तिचा जन्म विमानाबरोबर झाला. विमाने समुद्र, वाळवंटे आणि बर्फाळ प्रदेश ओलांडू लागली, तेव्हा जिथे माणसाची वस्ती शेकडो मैलांत नाही अशा जागी वैमानिक उतरण्याचे, किंबहुना पडण्याचे, प्रसंग येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानदलाने उत्तर आफ्रिकेवरून उडणाऱ्या वैमानिकांसाठी झूलच्या झाउअर कारखान्यातून तिनळ्या बनवून घेतल्या. त्यांना एम ३० असे नाव होते. सुमारे अडीच हजार तयार झाल्या. वर दोन बारा बोअरच्या छऱ्याच्या नळ्या आणि खाली ९.३ मिलिमीटरची रायफल. बंदूक, काडतुसे आणि सफाईचे साहित्य एका ॲल्युमिनियमच्या पेटीत असे. नेमासाठी तिच्यावर जी व्यवस्था होती ती पाहण्यासारखी आहे. वरची कळ पुढे सरकवून रायफलीची नळी निवडली की नळ्यांवर आडवे पडलेले खाचेचे पाते आपोआप उभे राही. छऱ्याची नळी निवडली की ते पुन्हा आडवे होई. म्हणजे कोणती नळी सुटणार हे डोळ्यासमोर दिसे आणि नेमाची तजवीजही तिच्याबरोबरच बदले. मात्र ही बंदूक इतकी देखणी आणि इतकी खर्चिक होती की ती संकटातील साधन म्हणून बनविली की शौक म्हणून, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो.

अमेरिकेने या कामी काटकसरीची दिशा धरली. स्टीव्हन्स कारखान्याची एक स्वस्त जोडबंदूक होती: वर .२२ ची रायफल आणि खाली .४१० ची, म्हणजे अगदी बारीक बोअरची, छऱ्याची नळी. त्या देशाच्या विमानदलाने अशा बंदुका विकत घेतल्या. युद्धानंतर उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावरून लांब पल्ल्याची उड्डाणे सुरू झाली आणि वैमानिकाच्या आसनाखालील जागा हीच मोठी अडचण होऊन बसली. १९५० च्या दशकाच्या आरंभी एम ६ नावाची बंदूक निघाली ती या अडचणीतून. तिची हकिगत थोडी विस्ताराने सांगतो, कारण मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

एम ६ मध्ये लाकूड नाही. सारी बंदूक पत्र्याची आणि पोलादाची. वरची नळी .२२ हॉर्नेट या काडतुसाची, खालची .४१० ची, दोन्ही अवघ्या चौदा इंच लांब. बंदूक बिजागरीवर पूर्ण दुमडते आणि शाळकरी मुलाच्या पाटीहून फारशी मोठी नाही अशी तिची घडी होते. दस्त्यात काडतुसांसाठी घरे कोरलेली आहेत: नऊ गोळीची आणि चार छऱ्याची. चापाच्या जागी एक लांब पट्टी आहे, ती सगळ्या बोटांनी दाबावयाची. कारण थंडीने बधिर झालेल्या, जाड लोकरी मोजे चढविलेल्या हाताला बारीक चाप सापडत नाही. कोणती नळी सोडावयाची ते घोड्यावरच्या एका गुंडीने ठरते. नेमासाठी एक साधे दुहेरी पाते आहे. ते एका बाजूला पाडले की रायफलीसाठी, दुसऱ्या बाजूला पाडले की छऱ्यासाठी. बस्स, इतकेच.

आता या बंदुकीवर दुर्बीण कल्पून पाहा. बैठक आणि कड्या धरून दुर्बिणीचे वजन पाव किलोच्या वर जाते. तेवढ्या वजनात हॉर्नेटची तीसहून अधिक काडतुसे मावतात. घडीची जाडी जवळजवळ दुप्पट होते आणि आसनाखालच्या पेटीचे झाकण लागत नाही. घोड्यावरची गुंडी दुर्बिणीच्या खाली दडते आणि मोजे घातलेल्या हाताला सापडत नाही. विमानातून आदळत खाली आलेल्या दुर्बिणीचा नेम शाबूत आहे की नाही हे कळण्यास चार-सहा काडतुसे खर्चावी लागतील. आणि दस्त्यात तर नऊच आहेत. याखेरीज त्या काळी आणखी एक शत्रू होता, तो म्हणजे दव. उबदार तंबूतून गारठ्यात नेलेली दुर्बीण आतून धुक्याने भरून जाई आणि तिच्यातून काहीच दिसत नसे. लिओपोल्ड या अमेरिकन कारखान्याने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुर्बिणीतील हवा काढून नायट्रोजन वायू भरण्याची युक्ती आणली; पण ती सर्वत्र रुळण्यास काळ लागला.

म्हणजे ज्यांनी एम ६ आखली त्यांना दुर्बीण सुचली नाही असे नव्हे. त्यांनी तोटा-नफा मांडून ती गाळली. जे सावज मिळण्याचा संभव होता ते म्हणजे ससा, बर्फातला पक्षी, खार, फार तर कोल्हा. त्यासाठी जवळ जाण्याचा धीर हवा. दूर पाहणारी काच नव्हे.

आता त्या तीन नळ्यांच्या पिस्तुलाकडे येऊ. १९६५ च्या मार्च महिन्याच्या १८ तारखेस अलेक्सी लिओनोव्ह यांनी यानाबाहेर पडून अवकाशात तरंगण्याचा पहिला मान मिळविला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर काय झाले ते तितकेसे ठाऊक नाही. परतीच्या वेळी यानाची स्वयंचलित यंत्रणा बिघडली. सहकारी पावेल बेल्यायेव्ह यांच्यासह त्यांना हातानेच यान खाली आणावे लागले आणि ते नियोजित जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, पर्म शहराच्या बाजूच्या घनदाट अरण्यात, खोल बर्फात उतरले. हेलिकॉप्टरला झाडांमुळे उतरता येईना. पहिली रात्र दोघांनी त्या गारठलेल्या यानात काढली. दुसऱ्या दिवशी मदतीचे लोक बर्फावरच्या पट्ट्यांवरून त्यांच्यापर्यंत पोचले, दुसरी रात्रही अरण्यातच गेली, आणि मग सर्वांनी तशाच पट्ट्यांवरून मोकळ्या जागेपर्यंत वाट कापली. त्या अरण्यात लांडगे आणि अस्वले होती, आणि दोघांपाशी शस्त्र म्हणून होते एक साधे लष्करी पिस्तूल.

लिओनोव्ह हा प्रसंग विसरले नाहीत. अंतराळवीरांना रानात उपयोगी पडेल असे शस्त्र द्यावे असा आग्रह त्यांनी पुढे धरला. त्यातून तूला येथील शस्त्रशाळेत टीपी-८२ हे पिस्तूल घडले. वर शेजारी-शेजारी दोन छऱ्याच्या नळ्या, खाली मधोमध ५.४५ मिलिमीटरची आटे पाडलेली नळी. त्याला खांद्याशी टेकविण्यासाठी जो दस्ता जोडावयाचा, तो म्हणजे कापडी म्यानात घातलेला एक रुंद कोयताच. झाडे तोडावी, आसरा उभारावा आणि वेळ आली तर तोच कोयता पिस्तुलाचा दस्ता व्हावा, अशी ती योजना. १९८६ पासून सुमारे वीस वर्षे ते सोयूझ यानांतून अवकाशात जाऊन येत होते. पुढे त्याची खास काडतुसे जुनी झाल्यामुळे ते मागे घेण्यात आले.

या पिस्तुलाच्या रचनाकारांचा हिशेब पाहा. दस्त्यासह त्याचे वजन सुमारे अडीच किलो. अवकाशयानात प्रत्येक ग्रॅम मोजून नेतात. तिथे कोयत्याला जागा मिळाली आणि दुर्बिणीला मिळाली नाही. अरण्यात अस्वल दिसते तेव्हा ते दहा-वीस पावलांवर असते, आणि त्या क्षणी एका डोळ्याने नळकांड्यात पाहणे म्हणजे दुसऱ्या बाजूने येणाऱ्या संकटाकडे पाठ फिरविणे होय. आणि थंडीने मरू नये म्हणून फांद्या तोडणारे पाते रोज लागते.

येथे हा इतिहास संपावयास हरकत नव्हती. परंतु मनुष्यस्वभाव मोठा गमतीचा आहे. संकटासाठी घडविलेली वस्तू शांततेच्या काळात हौसेची होते. एम ६ च्या नळ्या चौदा इंचांच्या होत्या आणि अमेरिकन कायद्याने नागरिकाच्या रायफलीची नळी १६ इंचांहून व छऱ्याच्या बंदुकीची १८ इंचांहून आखूड असू नये. त्यामुळे त्या लष्करी बंदुका बाजारात येऊ शकल्या नाहीत. मग अठरा इंची नळ्यांची एम ६ स्काउट नावाची नागरी आवृत्ती निघाली. त्यांतील पुष्कळशा चेक प्रदेशात बनून अमेरिकेत गेल्या. स्टीव्हन्सच्या जोडबंदुकीची परंपरा सॅव्हेज कारखान्याने १९५० पासून 'मॉडेल २४' या नावाने चालविली. आणि या बंदुका घेणाऱ्या हौशी लोकांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? त्यांच्यावर दुर्बीण बसविण्याचा खटाटोप.

यासाठी लागणारे सामान तोवर स्वस्त झाले होते. टेक्ससमध्ये पुढे नावारूपास आलेल्या विल्यम वीव्हर यांनी १९३० साली पाऊण इंच व्यासाची साधी, हलकी आणि सामान्य माणसाला परवडणारी दुर्बीण बाजारात आणली होती. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी आडव्या खाचेची पट्टी घरोघर पोचली. पट्टी स्क्रूंनी बंदुकीवर आवळावी, दुर्बिणीच्या कड्या पट्टीवर आवळाव्या, झाले. ज्या कामाला झूलचा कारागीर काजळी फासून दिवसच्या दिवस घालवी, ते काम आता कोणीही घरच्या मेजावर करू लागला. लहान रायफलींसाठी तर बंदुकीच्या पाठीवरच दोन समांतर खोबणी कोरून देत, म्हणजे कड्या नुसत्या सरकवून आवळाव्या. अमेरिकन लष्कराने १९९५ साली अशा पट्टीच्या मापांचे प्रमाण ठरवून टाकले. ते पिकाटिनी या शस्त्रशाळेच्या नावाने प्रसिद्ध आहे. एम ६ ची जी इटालियन आवृत्ती अलीकडे निघाली, तिच्या नळ्यांभोवती अशा पट्ट्या मुळातच बसविलेल्या असतात.

यात लाभ झाला नाही असे मी म्हणणार नाही. झूलमध्ये जे सुख थोड्यांच्या वाट्याला येई ते पुष्कळांना मिळाले. नजर कमी झालेल्या वयस्कर माणसाला खाच आणि माशी दोन्ही पुसट दिसतात. त्याच्या हाती दुर्बीण म्हणजे गेलेली दृष्टी परत मिळण्यासारखे आहे. टेकडीच्या माथ्यावरून पन्नास-साठ गजांवरचा ससा स्वच्छ दिसावा आणि एकाच गोळीत काम व्हावे, जखमी प्राणी तडफडत झुडपात जाऊ नये, ही गोष्टही लहान नाही. परंतु दुर्बीण चढली की बंदुकीची घडी जाड झाली, पिशवीतून काढताना ती अडकू लागली, छऱ्याची नळी असून नसल्यासारखी झाली. दोन नळ्यांची बंदूक व्यवहारात एका नळीची राहिली. ज्या संकटासाठी ती जन्मली होती त्यापासून ती एकेक स्क्रूने दूर गेली.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानटी प्राण्यांच्या शिकारीला बंदी घातली आहे, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे आपल्यापैकी कोणाला अशा बंदुकीवर दुर्बीण बसवावयाची वेळ येणार नाही. मग हा सारा इतिहास आपण का ऐकावा? माझ्या मते, संकटाची तयारी ही गोष्ट प्रत्येक घरात असते. पुराच्या काळात उचलून न्यावयाची पिशवी असो, की प्रवासातील औषधांची डबी असो; तिच्यात काय असावे हे आपण निवांत घरी बसून ठरवितो, आणि निवांत माणसाला पुष्कळ वस्तू आवश्यक वाटतात. एम ६ आणि टीपी-८२ ज्यांनी आखल्या त्यांनी स्वतःला त्या बधिर हाताच्या, उपाशी, भ्यालेल्या माणसाच्या जागी ठेवून पाहिले. म्हणून त्यांच्या हातून लांब पट्टीचा चाप निघाला, दस्त्याचा कोयता झाला, आणि काच गाळली गेली.

हे सर्व मी वर्गात सांगितले. तो मुलगा लक्षपूर्वक ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, मग दुर्बीण वेगळी खिशात ठेवावी आणि लागेल तेव्हाच लावावी." झूलच्या कारागिरांनी शंभर वर्षांपूर्वी काढलेली तोड त्याला आपली आपण सुचली होती. मी त्याला शाबासकी दिली आणि विचारले, "आणि ती बर्फात पडली तर?" तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "तर बंदुकीवर खाच आणि माशी पाहिजेतच, सर." मी त्याला खाली बसावयास सांगितले आणि पुढचा धडा काढला.